बंदूक थोरल्याला, बोल्ट धाकट्याला

नूतनला उंदरांची किळस नव्हती, तुंबलेल्या गटारीची नव्हती, करपलेल्या तेलाची तर नव्हतीच. भुसावळात घराच्या पडवीत कढई मांडून केळीचे वेफर्स तळण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. किळस यायची ती फक्त आपल्या दोन सख्ख्या भावांची, आणि ती ते लपवतही नव्हती. वेफर्स घ्यायला आलेल्या बाईनं सहज विचारलं, "माहेरी कोन कोन हाये, अक्का?" तर नूतन झारा आपटून सांगायची, "माय हाये. बाकी दोन मानसं हायेत, पन त्याह्यचं नाव माह्या तेलात नको."

थोरला भूपेंद्र आणि धाकटा हितेंद्र, दोघंही तिच्या पाठचे. रावेर तालुक्यात तांदूळखेड्याला दोघांच्या केळीच्या बागा, दोघांची ठिबकं, दोघांच्या दारात गाड्या. पोटाला चिमटा बसलेली माणसं असती तर नूतननं एखादं पाप पोटात घातलंही असतं. ही तर खाऊनपिऊन सुखी, आणि तरी नीच. तिचा नवरा जीवराम, रेल्वेतून निवृत्त झालेला गरीब स्वभावाचा माणूस, म्हणायचा, "जाऊ दे ना, भाऊ हायेत." नूतन म्हणायची, "म्हनूनच किळस येते. परके असते तं नुसता राग आला असता."

सगळ्याची सुरुवात वाटणीच्या दिवशी झाली. आईबाप दोघंही जिवंत असताना पोरांनी वाटणी मागितली. मामाला मधे बसवलं, आणि मामानं असा काटेकोर न्याय केला की देवानंही तोंडात बोट घालावं. शेत मधोमध. घर मधोमध, अंगणातून थेट मागच्या न्हाणीपर्यंत सिमेंटच्या विटांची भिंत. पितळी घंगाळ एकाला तर पितळी समया दुसऱ्याला. स्वयंपाकघरात पाटा-वरवंट्यावर गाडी अडली. दोघी सुना हटून बसल्या. मग मामानं पाटा धाकट्याला दिला आणि वरवंटा थोरल्याला. एकाकडे वाटायला दगड नाही, दुसऱ्याकडे ज्याच्यावर वाटायचं तो दगड नाही, पण न्याय झाला.

मग आली बंदूक.

ती वडलांची, तोतारामआबांची. आबा ऐन उमेदीत काही वर्षं फौजेत होते. परत आल्यावर केळीत डुकरं घुसायला लागली म्हणून त्यांनी परवाना काढून ही बंदूक घेतली. फौजेतून बाद झालेली जुनी रायफल, नळी बदलून नागरी गोळीची केलेली. अंगावर मुकुटाचा छाप, इंग्रजी अक्षरं, नंबर. गावानं परस्पर ठरवून टाकलं की आबांनी हीच बंदूक लढाईत चालवली. दसऱ्याला आबा ती ओट्यावर मांडायचे, झेंडूची माळ घालायचे, आणि आख्खं गाव आपट्याचं पान ठेवून तिला हात लावून जायचं. दोघा भावांची छाती त्या दिवशी वीतभर फुगायची.

आता अशा वस्तूची वाटणी कशी करायची? मामा थोडा वेळ डोकं खाजवत बसला, आणि मग त्यानं बोल्ट ओढून बाहेर काढला. बोल्ट म्हणजे मागचा सरकता दांडा, ज्याच्याशिवाय गोळी सुटत नाही. बंदूक थोरल्याला, बोल्ट धाकट्याला. कोणी एकटा विकू शकणार नाही, कोणी एकटा चालवू शकणार नाही. लोकांनी मामाच्या अकलेचं कौतुक केलं. नूतन त्या दिवशी दारात उभी होती. लेक असल्यामुळं तिनं आधीच हक्क सोडून सही केली होती, म्हणून तिला कोणी काही विचारलं नाही. तिला वाटलं, संपलं एकदाचं.

तर मामा म्हणाला, "आता म्हतारा-म्हतारी."

आणि त्याच सुरात, त्याच बैठकीत, चहाचा दुसरा कप यायच्या आत, माय थोरल्याच्या वाट्याला गेली आणि आबा धाकट्याच्या.

बेबाबाई आणि तोताराम, पन्नास वर्षांवर एका ताटाच्या आसपास जेवलेली दोन माणसं, भिंतीच्या अलीकडे आणि पलीकडे राहायला लागली. भावाभावांत पुढं बांधावरून वितुष्ट आलं आणि बोलणं बंद झालं. थोरल्याच्या दारात धाकट्याच्या माणसानं पाय ठेवायचा नाही, आणि उलटही तेच. म्हातारा-म्हातारी वाट्याला आलेली, म्हणजे तीही त्या त्या बाजूची माणसं. मायनं एकदा रस्त्यावरून वळसा घालून आबांकडे जायचा प्रयत्न केला. थोरल्याच्या बायकोनं दोन दिवस जेवण वाढताना ताट आपटलं. माय पुन्हा गेली नाही.

नूतन महिन्यातून एकदा जायची. दोन्ही दारांना जायची, दोन्हीकडे तोंड वाकडं करून बसायची. एकदा ती आबांजवळ होती. आबांना तेव्हा उठवत नव्हतं. संध्याकाळचा दिवा लागला तसा त्यांनी उशाखालून बंदुकीचा बोल्ट काढला आणि शेजारच्या भिंतीवर ठोकला. टक, टक. नूतनला वाटलं, म्हातारपणाचं काही असेल. तेवढ्यात भिंतीच्या पलीकडून जड आवाज आला. धप्प, धप्प.

"तुही माय हाये," आबा म्हणाले. "वरवंटा हाये तिच्याजोळ."

नूतन बाहेर आली, ओसरीच्या कडेला बसली आणि तिला खरोखर ओकारी आली. भावाच्या बायकोला वाटलं, केळीचं काही बाधलं.

आबा गेले त्या दिवशी मायला कोणी सांगितलंच नव्हतं. दिवेलागणीला भिंत वाजली नाही. मायनं आपण होऊन वरवंटा आपटला, पुन्हा आपटला, आणि मग सुनेला म्हणाली, "जाय, पाह्य. तठी पल्याड काही झालं." ती असं म्हणाली तेव्हा पलीकडे तिरडी बांधून झाली होती.

दहाव्याला नदीवर भात मांडलेला, कावळा शिवायची वाट बघत माणसं उभी, आणि भूपेंद्र शेजारच्या पाव्हण्याला म्हणाला, "त्याच्या वाट्याचा म्हतारा गेला, तो सुटला. माह्या वाट्याची अजून हायेच." हे त्यानं हळू आवाजात सांगितलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. त्यानं ते गाऱ्हाणं म्हणून सांगितलं, आणि पाव्हण्यानं मान डोलावली. नूतननं तिथंच ठरवलं की मायला इथून न्यायचं.

पण न्यायचं म्हणजे सोपं नव्हतं. "लेकीच्या दारात माय ठिवली तं लोक आमच्या तोंडावर थुकतीन," भूपेंद्र म्हणाला. मायला पोटभर वाढायचं नाही, तिच्याशी बोलायचं नाही, पण ती हवी. दारासमोर उभ्या केलेल्या बंद ट्रॅक्टरसारखी. मायनं फक्त एक गोष्ट मागितली होती, तीही धाकट्याकडे. "त्याह्यच्या उशाखालचा तो तुकडा तेवढा मले दे." हितेंद्रनं सरळ सांगितलं, "तो तुह्याजोळ म्हनजे भाऊच्या घरात. काबरं देऊ?" आणि बोल्ट कपाटात टाकून कुलूप लावलं.

असं वर्षभर चाललं. आणि मग धुळ्याच्या बाजूचा एक हॉटेलवाला या कथेत आला, तो स्वतः कधी न दिसता.

त्या हॉटेलवाल्याला जुन्या लष्करी बंदुका जमवायचा नाद होता. त्यानं जळगावच्या एका बंदूक-दुकानदाराला सांगून ठेवलं होतं की मुकुटाच्या छापाची जुनी रायफल असेल तर कळव. दुकानदाराला तांदूळखेड्याची बातमी लागली. खरं म्हणजे आबा गेल्यावर बंदूक लगेच पोलिसांत जमा करायला हवी होती. पण अर्धी बंदूक म्हणजे बंदूकच नव्हे, असा दोघा भावांचा कायदा. दुकानदारानं दोघांकडून वेगवेगळे फोटो मागवले आणि दोघांना वेगवेगळा फोन केला. "वस्तू चांगली आहे. पण बंदुकीवरचा नंबर आणि बोल्टवरचा नंबर जुळत नाही. हे गिऱ्हाईक सगळे नंबर एकच असतील तरच घेतं. जुळत असते तर तुम्ही म्हणाल ती किंमत होती." समजावं म्हणून त्यानं ह्याला त्याचा फोटो पाठवला आणि त्याला ह्याचा.

दोघांनीही फोन ठेवला आणि दोघांच्याही मनात एकच विचार आला: भावानं आपल्याला फसवलं. खरा तुकडा दाबून ठेवला आणि दुसराच पुढं केला.

फसवलं कोणीच नव्हतं, आणि हे जगात आता एकट्या नूतनला माहीत होतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आबा बंदूक पुसायला बसायचे ते नूतनला घेऊन. पोरगे तेव्हा अंगणात भोवरे फिरवत असायचे. आबा एकेक भाग सोडवून जुन्या धोतराच्या चिंधीवर मांडायचे, आणि नूतन तेलाच्या बोटांनी त्यावरचे आकडे वाचायची. तिनं इंग्रजी आकडे शाळेत शिकवण्याआधी इथंच ओळखले. अंगावरच्या नंबराचे शेवटचे आकडे चार-सात-दोन. बोल्टच्या मुठीवर आठ-एक-नऊ. नळीच्या तोंडाशी जी लोखंडी टोपी, तिच्यावर आणखी तिसराच. खालच्या लाकडाच्या पोटात चौथा, तोही एकदा खोडून पुन्हा ठोकलेला. "आबा, हे सारखे काबरं नाही?" तिनं विचारलं होतं. आबा हसले होते. "फौजेत बंदुका मोडतात पोरी. कोनाची नळी जाते, कोनाचं लाकूड फुटतं. मंग मिस्त्री चार मेलेल्या बंदुकांची एक जिती करतो. हे त्यातलं डुबलीकेट नाही, हे जोडलेलं हाये." आणि लढाईचं काय, म्हणून तिनं विचारलं तेव्हा ते म्हणाले, "लढाईत मी कोठारात होतो. ही बंदूक मी दुकानातून आनली. पन गावाले लढाईचीच गोठ आवडते, सांगू दे."

नंबर जुळवून द्यायला भाऊ तिच्याकडे आले नव्हते; दुकानदाराची अट आणि भावाची लबाडी दोघांनीही तिला आधीच फोनवर वेगवेगळी ऐकवली होती, नंबराचं मी पाहून घेतो म्हणत. ते आले सहीसाठी. बंदूक विकायची तर आधी वारसाच्या नावावर करावी लागते, आणि त्याला बाकीच्या सगळ्या वारसांची संमती लागते. शेताचा हक्क सोडला तरी बंदुकीला लेकीची सही लागत होतीच. दोघं एकाच दिवशी आले, वेगवेगळ्या गाड्यांवर, आणि पडवीत दोन टोकांच्या खुर्च्यांवर बसले. एकमेकांशी बोलायचं असलं की नूतनमार्फत बोलायचे. "अक्का, त्याले म्हन, सही झाली की सारं मी पाह्यतो." "अक्का, त्याले म्हन, तू काहीच पाहू नको."

नूतनचा झारा कढईत होता. तिनं मान वर न करता सांगितलं, "सही देते. माय मले द्या."

"लोक काय म्हनतीन?" दोघंही एकदम म्हणाले. बऱ्याच वर्षांनी त्यांचं एकमत झालं ते ह्यावर.

"मंग ऱ्हाऊ द्या बंदूक."

लोकलाज चार दिवस टिकली. पाचव्या दिवशी भूपेंद्रनं मायला गाडीत घालून आणलं. एक पिशवी, दोन पातळं आणि कापडात गुंडाळलेला वरवंटा. मायनं तो कोणाला उचलू दिला नाही. नूतननं आईला आत नेऊन बसवलं, पाणी दिलं, मग बाहेर येऊन सही केली. मायनं अंगठा दिला.

रात्री नूतननं नंबरांची खरी गोष्ट सांगितली तेव्हा जीवराम म्हणाला, "तुले माहीत व्हतं ना नंबर पयल्यापासून जुळत नाही ते? मंग सांगितलं काबरं नाही?"

"सांगितलं असतं तं सौदा मोडला असता, नी माय आली नसती," नूतन म्हणाली. "आता तो दुकानदार बंदूक नको म्हनंन. मंग तो बोल्ट म्हनजे भंगार. मी मागून घेईन मायसाठी. भंगारासाठी कोन भांडतं?"

तिनं हिशेब चोख केला होता. फक्त गाठ आपल्याच भावांशी आहे हे ती विसरली.

जळगावला दुकानात ती मुद्दाम गेली, बोल्ट तिथल्या तिथं हातात पडावा म्हणून. काउंटरच्या एका टोकाला भूपेंद्र, पुढ्यात गोधडीत गुंडाळलेली बंदूक. दुसऱ्या टोकाला हितेंद्र, हातात टॉवेलात गुंडाळलेला बोल्ट. दोघांचेही चेहरे इतके प्रसन्न की नूतनला संशयच आला. एवढा आनंद ह्या दोघांना एकाच वेळी कधी झाला नव्हता.

"आधी मी दाखवतो," हितेंद्र म्हणाला. "त्या दिवशी फोटो नीट आला नव्हता, शेठ. नंबर बरोबर हाये."

"माहाही फोटो वाकडा आलता," भूपेंद्र म्हणाला. "माहाही बरोबर हाये."

दुकानदारानं दोन्ही वस्तू दिव्याखाली घेतल्या आणि डोळ्याला भिंग लावलं. त्यानं बोल्टची मूठ वाचली. "चार-सात-दोन." मग बंदुकीच्या अंगावर बोट फिरवलं. "आठ-एक-नऊ." तो थांबला. त्यानं पुन्हा वाचलं. मग फोनमधले जुने फोटो काढून शेजारी धरले.

सगळ्यांत आधी नूतनच्या लक्षात आलं. हितेंद्रनं बोल्टवरचा नंबर घासून तिथं भावाच्या बंदुकीचा नंबर टाकला होता. आणि त्याच आठवड्यात भूपेंद्रनं बंदुकीवरचा नंबर घासून तिथं भावाच्या बोल्टचा टाकला होता. एकानं दुसऱ्याला नुसतं विचारलं असतं, "तू काय करून राह्यला?", तर निदान ही फसवणूक तरी धड झाली असती. पण भिंत बांधलेली.

आणि आकडे तरी कसले! टिंबाटिंबांचे. लग्नात आहेर द्यायच्या डब्यावर, पिंपावर नाव टाकतात ना, त्या मशीनचे. हितेंद्रनं बोल्ट "पंपाचा पार्ट हाये" म्हणून भांड्यांच्या दुकानाबाहेर बसणाऱ्याकडे नेला होता, आणि भूपेंद्रनं तर नाव टाकणाऱ्याला मशीनसकट घरी बोलावलं होतं. कानशीचे ओरखडे तसेच, आणि त्यावर टिंबांची रांगोळी.

दुकानदारानं भिंग खाली ठेवलं. "हे काय आहेराचं भांडं वाटलं का तुम्हाला?" त्याच्या तोंडावर जी घाण वास आल्यासारखी कळा आली, ती नूतन रोज आरशात बघत होती. "अहो, हत्यारावरचा नंबर खोडणं हा गुन्हा आहे. परवान्यावर जो नंबर आहे तोच तुम्ही घासून टाकलाय. ही वस्तू आता मी परतही देऊ शकत नाही. मला पोलिसांना कळवावंच लागेल."

तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं. आणि धुपाटण्यावरून मारामारी सुरू झाली. "तू खरा बोल्ट दाबला म्हनून मले हे करावं लागलं!" "तू खरी बंदूक विकून खाल्ली!" भूपेंद्रनं धाकट्याची कॉलर धरली. हितेंद्रनं थोरल्याच्या हाताला चावा घेतला. पन्नाशीतली माणसं, एकाच्या दाढीला कलप लावलेला.

"कोनी काही दाबलं नाही," नूतन ओरडली. "ती बंदूक पयल्यापासून अशीच व्हती. चार जागची. आबांनी मले सांगितलं व्हतं. गोळी सुटत व्हती ना बरोबर? मंग?"

दोघंही थबकले. "तुले माहीत व्हतं?" भूपेंद्र म्हणाला. "नी तू बोलली नाही?"

"तुम्ही कधी विचारलं?"

नूतननं दुकानदाराला हात जोडले. म्हणाली, तेवढा बोल्ट द्या, एका म्हातारीला उशाशी ठेवायला हवाय, गोळी घालायला नको. दुकानदाराला वाईट वाटलं असावं, पण त्यानं मान हलवली. नंबर खोडलेला तुकडा तर आधी जायला हवा. संध्याकाळपर्यंत पोलीस बंदूक आणि बोल्ट, दोन्ही एका पोत्यात घालून घेऊन गेले. कितीतरी वर्षांनी दोन्ही एकत्र आले ते तिथं. भावांना जबाब द्यावे लागले, हात जोडावे लागले, तारखा पडल्या.

घरी येऊन नूतन मायला काहीच बोलली नाही. कढई चढवली आणि पहिला घाणा करपवला. भावांना शिव्या घालताना तिला पहिल्यांदाच जाणवलं की ह्या वेळी शिव्यांचा थोडा वाटा आपल्याकडेही येतो. आधी बोलली असती तर मशीन लागलं नसतं. पण आधी बोलली असती तर माय इथं नसती. हे तिनं कितीदा उलटसुलट करून बघितलं, आणि प्रत्येक वेळी शेवटी भावांचाच राग आला.

पुढच्या आठवड्यात ते आले. पुन्हा दोन गाड्या, पुन्हा दोन टोकांच्या खुर्च्या. जीवरामनं पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं नाही.

"सौदा झाला नाही," भूपेंद्र म्हणाला. "मंग सहीचाही सौदा नाही. मायले घेऊन जायाले आलो."

"गावात लोक इचारू राह्यले," हितेंद्र म्हणाला.

नूतनच्या हातात गरम झारा होता आणि तो कुठं ठेवावा हे तिला क्षणभर कळेना. तेवढ्यात आतून माय आली, भिंतीला धरत धरत. ती उंबऱ्यात बसली. तिनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं.

"कोनाकडे नेता?" तिनं विचारलं.

भूपेंद्रनं धाकट्याकडे पाहिलं. हितेंद्रनं थोरल्याकडे पाहिलं. दोघं भांडत आले होते, हट्टानं आले होते, पण ही गोष्ट दोघांनीही ठरवली नव्हती. प्रत्येकाला वाटलं होतं, नेईल दुसरा. इतकी किळस आली तरी नूतन हसली, मोठ्यांदा हसली, रस्त्यावरची बाई वळून बघायला लागली.

माय हसली नाही. तिनं हितेंद्रला जवळ बोलावलं.

"त्याह्यच्या उशाखालचा तो तुकडा आनला का?"

हितेंद्र खाली पाहू लागला. "पोलिसाह्यनी नेला, माय."

"परत कधी भेटंन?"

"नाही भेटत. वितळून टाकतात म्हने."

माय पदर सावरून भिंतीचा आधार घेत उठली.

"मंग आता तुमच्याजोळ माहं काहीच नाही," ती म्हणाली. "जा."